उन्हाळ्यात थेंब न देता कलिंगड? बाअल शेतीचं खरं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पॅलेस्टाईनमधले अरब शेतकरी भर उन्हाळ्यात, पाच महिने आभाळात ढग नसताना, पाणी न देता टोमॅटो, भेंडी, कलिंगड पिकवतात असा व्हिडिओ बघितला, तर हे खरं आहे का, ती झाडं दवावर जगतात म्हणे ते खरं का, तिकडचे लोक यावर वर्षभर खातात काय, आणि आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडे हे जमेल का.

खरं आहे. दवावर मात्र जगत नाहीत. आणि आपल्याकडे जमेल का याचं उत्तर जरा लांबचं आहे, ते शेवटी देतो कारण त्यात माझी स्वतःची फजिती पण आहे.

मी मूळचा मंगळवेढ्याकडचा. घरी मालदांडी ज्वारी, करडई, हरभरा, विहिरीला पाणी नावापुरतं. शिक्षण कोरडवाहू शेतीतच झालं आणि पुढे उत्तर जॉर्डनमध्ये इरबिदजवळ कोरडवाहू पिकांच्या एका प्रोजेक्टवर सहा वर्षं काढली, त्या काळात जॉर्डन नदीपलीकडे, पॅलेस्टाईनमधल्या जेनीन आणि सल्फीतच्या गावांत बरंच जाणंयेणं झालं. त्यामुळे जे सांगतोय ते रानात उभं राहून बघितलेलं आहे, थोडंफार हाताने केलेलंही आहे.

आधी नाव. या शेतीला तिकडे 'बाअल' म्हणतात, अशा मालाला 'बाअली'. बाअल हा कनानी लोकांचा पावसाचा आणि वादळाचा देव, इस्लामच्या, ख्रिस्ती धर्माच्या कितीतरी आधीचा. देवळं गेली, पूजा गेली, पण शब्द शेतात राहिला. आज जेनीनच्या बाजारात बाई टोपलीपुढे बसून 'बाअली, बाअली' ओरडते तेव्हा तिला म्हणायचं असतं की हा माल निव्वळ पावसावरचा आहे, नळी लावलेला नाही, आणि म्हणून दोन पैसे जास्त पडतील. अरबीत बाअल म्हणजे नवरा पण होतो. त्यावरून बायकांचे जोक चालतात, की आमचा बाअल वर्षातून चार महिने येतो आणि आठ महिने त्याच्या आठवणीवर काढायचे. इथली भाषांतराची मजा गेली पण रानात ऐकताना फार हसू यायचं.

हा फरक किती जुना आहे बघा, इस्लाममधल्या जकातीच्या, म्हणजे धर्मादाय हिश्श्याच्या, नियमातच तो आहे. आभाळाच्या, झऱ्याच्या पाण्यावर किंवा बाअलवर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा, आणि मोट-रहाट लावून, कष्टाने पाणी देऊन आलेल्या पिकाचा विसावा. म्हणजे पाणी काढायचा खर्च धरून सूट. आपल्याकडच्या जिरायत-बागायत सारखंच, फक्त आपल्याकडे बागायतीला आकार जास्त आणि तिकडे हिस्सा कमी.

आता मूळ गोष्ट. तिकडचं पावसाचं चक्र आपल्या बरोबर उलटं आहे. पाऊस थंडीत पडतो. ऑक्टोबरच्या शेवटी-नोव्हेंबरात पहिल्या सरी, डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारी मुख्य पाऊस, एप्रिलमध्ये शेवटच्या एकदोन सरी आणि मग मे ते सप्टेंबर कोरडं ठाक. लोकांना वाटतं वाळवंट असेल, तसं नाही. रामल्लाच्या डोंगरात साधारण ६०० मिलीमीटर पडतो, जेनीनकडे ४०० च्या पुढे, आणि खाली जेरिकोत गेलात तर दीडशेच्या आसपास, तिथे पाण्याशिवाय काही नाही. म्हणजे चांगल्या भागात पाऊस आपल्या मंगळवेढा-सांगोल्याइतका, कधी त्याहून जास्त. आणि तो थंडीत पडतो ही फार मोठी गोष्ट आहे, कारण थंडीत बाष्पीभवन कमी, पडलेलं पाणी जमिनीत उतरायला वेळ मिळतो. आपल्याकडे जून-जुलैत पडलेला पाऊस दोन उन्हं पडली की अर्धा उडालेला असतो.

तर बाअल शेती म्हणजे हिवाळ्याचं पाणी जमिनीत भरून ठेवायचं, वरून झाकण घालायचं आणि उन्हाळ्यात पिकाच्या मुळांना ते हळूहळू प्यायला द्यायचं. जमीन हीच टाकी. सगळं कौशल्य झाकणात आहे, पीक लावणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम. व्हिडिओवाले नेमकं तेच दाखवतात, एक आजी हसत टोमॅटो तोडतेय, आणि त्याआधीचे पाच महिने कुणी दाखवत नाही.

ते पाच महिने असे. ज्या रानात उन्हाळी पीक घ्यायचं ते हिवाळ्यात रिकामं ठेवतात, त्यात गहू पेरत नाहीत. पहिल्या पावसानंतर नांगरट. मग जानेवारी ते मार्च, पाऊस उघडला आणि वाफसा, म्हणजे चिखल न होता नांगर चालेल एवढीच ओल, आला की परत, परत आला की परत, तीनदा तरी. या पडीक ठेवून नांगरलेल्या रानाला 'कराब' म्हणतात. पहिल्या नांगरटीने पाणी आत शिरतं, पुढच्यांनी तण मरतं, कारण तण म्हणजे टाकीला पडलेलं भोक आहे, आणि शेवटच्यांनी वरची चार-पाच बोटं माती भुसभुशीत धूळ होते. ती धूळ म्हणजे झाकण. खालच्या ओलीला वर यायला केशनळ्या, म्हणजे मातीतल्या केसाएवढ्या वाटा, लागतात, त्या तोडून टाकल्या की ओल खालीच अडकते. आपल्याकडे कोळपणी केली की अर्धं पाणी दिल्यासारखं म्हणतात ना, तेच, फक्त त्यांनी ते टोकाला नेलंय.

मंगळवेढ्याच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल? मला पहिल्या वर्षी इरबिदला हेच वाटलं होतं, की अरे हे तर आपले आप्पा करायचे. खरिपात रान मोकळं ठेवायचं, पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या मारायच्या, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जाता जाता ज्वारी पेरायची जी पुढे साठलेल्या ओलीवर येते. तंतोतंत तेच. त्यांच्याकडे हिवाळा पावसाचा आणि पीक उन्हाळ्यात, आपल्याकडे पावसाळा पावसाचा आणि पीक हिवाळ्यात, एवढाच फरक. तो फरक मी पुढे विसरलो आणि तोंडावर आपटलो, ते येतंच.

जमिनीचं गणित पण बघून घ्या. भारी चिकणमातीची जमीन मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलीमीटर पाणी धरते. दीड मीटर खोल असेल तर अडीचशेच्या आसपास गेलं. एका विरळ लावलेल्या वेलाला एवढं पुरतं. विरळ हा शब्द महत्त्वाचा. बाअल रान बघितलं की आपल्याला वाटतं अर्धं बी उगवलंच नाही, इतकी मोकळी जागा. पण त्या मोकळ्या जागेखालचं पाणी त्या वेलाचंच आहे. ट्युनिशियात सफाक्सच्या आसपास तर ऑलिव्हची झाडं २४ मीटरवर लावतात, हेक्टरी १७ झाडं, कारण पाऊस २०० मिलीमीटरच. अंतर म्हणजेच पाणी, हे एक वाक्य डोक्यात बसलं की कोरडवाहूचं निम्मं समजलं.

दवाचं काय? दव पडतं, समुद्राकडून येणारी दमट हवा रात्री थंडावली की पानं चिंब होतात, पहाटे भेंडी तोडायला गेलात तर पायजमा गुडघ्यापर्यंत भिजतो. पण दव पानावरून मुळाला पाणी पोचवत नाही. त्याचा उपयोग एवढाच की सकाळचे दोन-तीन तास पानातून पाणी उडत नाही, तेवढी बचत. दवाने बचत होते, कमाई होत नाही. ज्या रानाचं झाकण बिघडलं तिथे कितीही दव पडो, जुलैत वेल माना टाकतात.

लावणी एकदा जवळून सांगतो कारण सगळा खेळ तिथे कळतो. सल्फीत जिल्ह्यात देर बल्लूत म्हणून गाव आहे, तिथलं सखल रान हिवाळ्यात पाण्याखाली असतं आणि पाणी ओसरलं की त्यात बायका फक्कूस लावतात. फक्कूस म्हणजे दिसायला बारीक, लांब, वाकडी, रेघारेघांची काकडी, पण कुळ खरबुजाचं. आपलं वाळूक त्याच कुळातलं, म्हणून मला चव ओळखीची लागली. बी रात्रभर भिजवतात, मग ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवतात, मोड फुटला की रानात. एप्रिलची सुरुवात. बाई हातात छोटी कुदळ घेऊन वाकते, वरची कोरडी धूळ वीतभर बाजूला सारते, खाली काळपट ओली माती लागली की थांबते, मूठभर माती उचलून दाबते. मुठीत गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर फुटला तर ठीक. गोळा चिकटला तर अजून ओल जास्त आहे, दोन दिवस थांबायचं. गोळाच झाला नाही तर इथे बी वाया घालवू नकोस, पुढे चल. मग तीन-चार मोडाचे दाणे, वर ओली माती हलक्या हाताने दाबलेली, आणि तिच्यावर बाजूला सारलेली कोरडी धूळ परत, न दाबता. न दाबता! मी पहिल्यांदा सवयीने पायाने दाबली तर तिथल्या एका आजीने माझ्या पायावर कुदळीचा दांडा मारला होता. दाबली की केशनळ्या परत जोडल्या गेल्या, झाकण उघडं.

टोमॅटोचं रोप असेल तर लावताना एक पेला पाणी देतात, एकच, मुळं मातीला धरायला. म्हणून 'एक थेंब नाही' हे अगदी शब्दशः घेऊ नका. त्यानंतर थेट काढणीपर्यंत फक्त खुरपं आणि कोळपं. उगवलं की विरळणी, एका जागी एक किंवा दोन झाडं.

चवीचा मुद्दा सगळे विचारतात. फळ लहान राहतं, पाणी कमी, गर घट्ट, गोडी आणि आंबटपणा दोन्ही दाट. बाअली टोमॅटो कापला तर पाट ओला होत नाही. उत्पादन मात्र ड्रिपच्या तुलनेत बरंच कमी, साल पण जरा जाड, आणि टोमॅटोला भेगा पडतात त्यामुळे लांबच्या मार्केटला जात नाही. हे सांगितल्याशिवाय नुसतं चवीचं कौतुक करणं म्हणजे शेतकऱ्याची फसवणूक.

त्यांचं पंचांग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही कारण ते आपल्या नक्षत्रांचं सख्खं भावंड आहे. २१-२२ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची कडक थंडी ती 'मरबअनिया', त्यानंतर मार्चच्या २१ पर्यंत पन्नास दिवसांची 'खमसीनिया', आणि या पन्नासाचे चार तुकडे, प्रत्येकी साडेबारा दिवसांचे, त्यांना 'साद' म्हणतात. हे चार साद म्हणजे चंद्राचे मुक्काम, म्हणजे सरळ नक्षत्रंच. आपलं पावसाचं नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं असतं, बघा किती जवळ. गोष्ट अशी सांगतात की साद नावाचा माणूस प्रवासात थंडीत अडकला, त्याने उंट कापला आणि त्याच्या उबेत बसला, तो पहिला साद, कापणारा. मग भुकेने मांस गिळलं, तो दुसरा साद, गिळणारा, आणि शेतकरी म्हणतो या दिवसांत जमीन पाणी गिळते, कितीही पडू दे वर साचत नाही. मग ऊन पडलं आणि तो खूश झाला, तो तिसरा, या दिवसांत लाकडात पाणी चढतं म्हणून छाटणी त्याआधी उरकायची. चौथ्यात तो बाहेर आला, आणि बिळातले साप-विंचूही. कराबची शेवटची पाळी साधारण या चौथ्या सादात. आमच्या प्रोजेक्टवर पावसाची सगळी यंत्रं होती, तरी मजूर नांगरटीची तारीख सादावरून ठरवायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचे.

एप्रिलच्या पावसाला तर ते 'निसानची सर माणसाला जिवंत करते' म्हणतात. आपल्या 'पडल्या स्वाती तर पिकतील मोती' च्या जागी. आणि पाऊस यायच्या आधी कोरड्यात गहू टाकला तर त्याला 'अफीर' म्हणतात, म्हणजे आपली धूळपेरणी, धोकाही तोच, पहिली सर अर्धवट पडली की बी उगवून वाळतं.

आता खाणं. हे मी मुद्दाम सावकाश लिहितोय कारण 'सीझनल फूड' म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे हुमुस येतं आणि गाडी तिथेच थांबते.

पहिल्या पावसानंतर, डिसेंबर-जानेवारीपासून रानभाज्या. खुब्बेझा सगळ्यात आधी, बांधावर, घराच्या मागे, कुठेही, बायका पिशवी घेऊन जातात आणि कांदा ऑलिव्ह तेलात परतून नुसती वाफवतात, वर लिंबू. मग 'लूफ', आणि इथे मला माझी आजी आठवली. लूफ अळूच्याच कुळातला, कच्चा खाल्ला तर घसा धरतो, विषारीच आहे, म्हणून भरपूर शिजवून त्यात लिंबू किंवा सुमाक (एका आंबट फळाची पूड) घालतात. आपण अळूला चिंच किंवा आंबट चुका घालतो ते याचसाठी. दोन गावांत हजारो किलोमीटरचं अंतर, आणि दोन्हीकडच्या बायकांनी खाजेवर शोधलेला उपाय एकच. मार्चच्या सुमाराला 'अक्कूब', काट्यांची वनस्पती, साफ करताना बोटं रक्ताळतात, पण दह्याच्या रश्श्यात मांसाबरोबर अशी लागते की विचारू नका. रानातला झातर, पुदिन्याच्या कुळातली वासाची वनस्पती, पण याच दिवसांत. इस्रायली कायद्याने रानातला झातर १९७७ मध्ये आणि अक्कूब २००५ मध्ये संरक्षित वनस्पतींच्या यादीत गेले, त्यामुळे पिढ्यानपिढ्या खुडणाऱ्या बायकांना दंड व्हायला लागले. झातर आता बऱ्याच जणांनी शेतात लावलाय. रानातल्या वासाचा नाही होत पण.

एप्रिलच्या शेवटी फ्रीके. यावर मी तासभर बोलू शकतो. गव्हाचा दाणा दुधाळ-चिकट अवस्थेत असताना कापायचा, पेंढ्या उन्हात थोड्या सुकवायच्या आणि मग ढीग करून पेटवून द्यायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पीक जाळतायत की काय. कुस आणि काड जळतं, दाणा ओला असल्यामुळे जळत नाही, नुसता भाजतो. एक माणूस काठीने ढीग उलटत राहतो, ज्वाळा मोठी झाली की पसरवतो, सगळा अंदाज नजरेचा. मग चोळून दाणा काढायचा, 'फरक' म्हणजेच चोळणं, त्यावरून फ्रीके. मी तिथे उभा राहून हसत होतो, कारण हा हुरडाच! आपण आगटीत गोवऱ्यांवर कणसं भाजतो, हातावर चोळतो आणि चटणीबरोबर तिथेच संपवतो. त्यांनी तो सावलीत वाळवून, भरडून वर्षभर टिकवला. कोंबडीच्या सूपमध्ये, भाताच्या जागी, कशातही, धुराचा वास वर्षभर घरात. हुरड्याला असं कुणी केलंय का आपल्याकडे, मला माहीत असलेल्यांत तरी नाही, आणि हिरवी ज्वारी वाळवून टिकवायचा प्रयोग कुणी नीट करायला हवा असं मला फार दिवस वाटतंय.

गहू जुने देशी, अबू समरा, दिबिया, हितिया, नाब अल-जमल म्हणजे उंटाचा सुळा. उंच वाढणारे, कारण काडी जनावरांना लागते. हायब्रीडवाल्यांना उंच गहू म्हणजे दोष वाटतो, पण आपल्याकडे मालदांडी लोक सोडत नाहीत ते कडब्यासाठीच ना. आणि हो, पांढरी ज्वारी तिकडेही उन्हाळी बाअल पीक होतं, गरिबाच्या भाकरीचं धान्य. आता जवळजवळ कोंबड्यांपुरतं उरलंय. एका म्हाताऱ्याने मला विचारलं तुमच्यात ज्वारी कोण खातं, मी म्हटलं आम्ही सगळेच, तर त्याला माझी दया आली होती.

मेअखेरीपासून फक्कूस, रोज तोडायचा कारण एक दिवस राहिला तर जून होतो. कच्चा मिठाबरोबर, आतून कोरून भात-मटण भरून, नाहीतर लोणचं. जून-जुलैत भेंडी, पण आपल्यासारखी बोटभर नाही, नखाएवढी असताना खुडतात, पहाटे दवात, कारण ऊन चढलं की लव टोचते. थोडी खायची, बाकी दोऱ्यात ओवून माळा करून वाळवायची. घरात भेंडीच्या माळा लटकताना दिसल्या की समजायचं सासू अजून खमकी आहे. मग टोमॅटो, कलिंगड, तीळ. जेनीनच्या पट्ट्यातला तीळ नाबलुस शहरात ताहिनीला, म्हणजे तिळाच्या पेस्टला, जायचा. कलिंगडात 'जदूई' नावाचं मोठं देशी कलिंगड होतं, पूर्वी शेजारच्या देशांपर्यंत जाणारं, ते संपल्यातच जमा होतं. विवियन सनसूर या बाईंनी २०१४ च्या सुमाराला देशी बियाण्यांची जी लायब्ररी सुरू केली, त्यात त्यांना जदूईचं बी एका शेतकऱ्याच्या ड्रॉवरमध्ये सापडलं, आणि त्यावरून ते परत लावलं गेलं.

ऑगस्ट-सप्टेंबर अंजीर आणि द्राक्षं, डोंगरउतारावरच्या दगडी बांधांच्या शेतात. पूर्वी कुटुंबच्या कुटुंब उन्हाळाभर रानातल्या दगडी माळ्यावर राहायला जायची, अंजीर छपरावर वाळवायचे, द्राक्षांचा रस आटवून काकवीसारखा दिब्स करायचा. आणि मग पहिला पाऊस पानांवरची धूळ धुतो तशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हची तोडणी. एक वर्ष भरघोस, एक वर्ष रिकामं, भरघोस वर्षाला 'मासिया' आणि रिकाम्याला 'शलतूना' म्हणतात, आपल्या आंब्यासारखंच. नवीन तेल आलं की मुसखन, भट्टीतली रोटी तेलात निथळलेली, वर भरपूर कांदा, सुमाक आणि कोंबडी. त्या दिवशी डाएट विसरायचं.

यात एक घोटाळा होतो तो निस्तरतो. बत्तीर गावचे दगडी बांध २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि लोक ते बाअल म्हणून दाखवतात. डोंगरावरची ऑलिव्हं आणि द्राक्षं बाअल आहेत, पण खालची भाजी आणि तिथली प्रसिद्ध वांगी झऱ्याच्या पाटावर येतात. आठ कुळं पाळी लावून पाणी घेतात, म्हणून म्हणतात बत्तीरचा आठवडा आठ दिवसांचा. सुंदर व्यवस्था, पण बागायत.

आणि बाअलचं फार रोमँटिक करू नका. बरेच जण बाअल करतात कारण पाणी मिळतच नाही. वेस्ट बँकेत नवी विहीर खणायला परवानगी लागते आणि ती मिळणं मुश्कील. उत्तर इस्रायलमधल्या गॅलिलीत सहल अल-बत्तूफ म्हणून सखल रान आहे, भेंडी-फक्कूस-कलिंगडासाठी नावाजलेलं, त्याच्या मधून १९६४ ला पूर्ण झालेला राष्ट्रीय पाणी योजनेचा उघडा कालवा जातो, आणि दोन्ही बाजूचे अरब शेतकरी तो बघत बघत बाअल करतात. आपल्याकडे उजनीच्या कालव्याशेजारी कोरडं रान असलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. पोरं मजुरीला शहरात जातात, वीस दिवसांत चार कोळपण्या कोण करणार, म्हणून पण बाअल कमी होतंय.

आता माझी फजिती. सुट्टीवर आलो होतो, डोकं बाअलने भरलेलं, घरी चार गुंठ्यांत वाळूक लावायचं ठरवलं. बी आपलंच, तिकडचं आणलं नाही, क्वारंटाइनचा कायदा आहे. मी पठ्ठ्याने एप्रिलमध्ये लावलं, देर बल्लूतच्या तारखेला! त्यांच्याकडे एप्रिलच्या आधी पावसाळा झालेला असतो, आपल्याकडे आधी सहा महिने कोरडे गेलेले. वीतभर उकरलं, ओल नाही. हातभर उकरलं, ओल नाही. वडील बांधावर बसून बघत होते, शेवटी म्हणाले, 'आता विहीर लागंपतुर उकर.' मग हट्टाने जूनमध्ये लावलं तर पावसाने बी कुजलं आणि उरलेलं तणात गेलं.

तिसऱ्यांदा शहाणा झालो. पावसाळाभर पाळ्या घातलेल्या भारी रानात, सप्टेंबरच्या शेवटी, मोड आणून, विरळ, झाकण न दाबता. वाळूक आलं. डिसेंबरच्या थंडीत वेल थांबले, माल थोडकाच, पण पाणी न देता. ज्वारीने त्याच रानात जास्त पैसे दिले असते हेही खरं.

म्हणून तुम्हाला सांगेन की त्यांचं पीक उचलू नका, झाकण उचला. आपली बाअल पिकं ठरलेली आहेत, रब्बी ज्वारी, करडई, हरभरा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते याच साठलेल्या ओलीवरच्या पिकाला. उन्हाळी टोमॅटो आपल्याकडे बाअलवर होणार नाही, त्यांच्या डोंगरात जुलैत पारा तिशीच्या आसपास असतो आणि आपल्याकडे एप्रिल-मे चाळिशीच्या वर, टाकी भरलेली असली तरी वेल दुपारी तेवढं ओढूच शकत नाही. पण ज्वारीत दोन ओळींतलं अंतर वाढवून बघणं, भेगा पडायला लागायच्या आत कोळपं फिरवणं, बांधाकडेला वाळूक-शेंदाडाचे चार वेल सोडणं, एवढं या वर्षीपासून करता येईल. भेगांचं विशेष लक्ष ठेवा, काळ्या रानात भेग पडली की दीड हात खालची ओल हवेला उघडी पडते, तिकडच्या तांबड्या मातीत हा त्रास एवढा नाही.

तुम्ही रानाची खोली लिहिलेली नाही, त्यावर सगळं आहे. परतीचा पाऊस झाला आणि वाफसा आला की बोटाएवढी जाड, चार-पाच फुटी लोखंडी सळई घ्या, टोकाला जरा धार, आणि रानात दहा-बारा ठिकाणी दोन्ही हातांनी दाबून बघा. ओल्या मातीत सळई लोण्यासारखी जाते, कोरडं किंवा मुरूम लागला की अडते. दोन फुटांच्या आत अडली तर हरभऱ्यापुरतंच बघा, तीन फुटांच्या पुढे गेली तर बोलण्यासारखं आहे. आकडे कळवा, आणि रान मागच्या हंगामात रिकामं होतं की त्यात सोयाबीन होतं तेही.